अंगावरची सनद

पिंपरीच्या भाजी मंडईत सकाळच्या प्रहरी, अथवा तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामाला असते त्या संध्याकाळी, साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांचे चेहरे जरा निरखून पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळजणींच्या दोन भुवयांमध्ये हिरवट निळी अशी एक बारीक चिरी आणि तिच्याभोवती दोन-चार ठिपके दिसतात. कुणाच्या हनुवटीवर एकच टिपका असतो, कुणाच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी तीन-तीन बिंदू असतात, आणि पदर सावरण्याकरिता हात वर गेला की मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, विंचू, चांदणी, कमळ, देवाचे नाव, भावाचे नाव असा सगळा संसार उघडा होतो. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या लेकींच्या कपाळावर यांपैकी फार तर एखादा ठिपका उरलेला असतो, आणि नातींच्या कपाळावर काहीच नसते. तीन पिढ्यांच्या या तीन चेहऱ्यांमध्ये महाराष्ट्रातील एका अतिप्राचीन स्त्रीकलेचा शेवटचा अध्याय लिहिला गेला आहे, आणि तो इतका निमूटपणे लिहिला गेला की त्याची दखल घ्यावी असे फारसे कुणाच्या मनातही आले नाही.

या स्त्रिया मूळच्या या शहरच्या नव्हेत, कारण हे शहरच मुळी त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात आकुर्डी-चिंचवड-भोसरीच्या माळावर औद्योगिक वसाहत पसरू लागली, १९७० साली चार गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर चाकणच्या कांद्याच्या बाजारपेठेभोवतालची शेतेही मोटारींच्या कारखान्यांखाली गेली. १९७२च्या दुष्काळात आणि त्याच्या मागेपुढे बीड, सोलापूर, नगर या बाजूंनी जी कुटुंबे पोटापाण्यासाठी इकडे आली, त्यांच्याबरोबर भांडीकुंडी, देव्हाऱ्यातले टाक आणि बायकांच्या अंगावरचे गोंदण एवढेच आले. मावळ, मुळशी आणि खेडच्या डोंगरपट्ट्यातील कुणबी, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी स्त्रियांचे गोंदण तर येथलेच होते. त्याला कोठून यावे लागले नाही.

आता थोडे दूर जाऊ, म्हणजे जवळचे नीट दिसेल. चीनच्या किनाऱ्यासमोरील तैवान बेटाच्या उत्तर भागातील डोंगरांत अतायल नावाची एक जमात राहते. शासनाने मान्य केलेल्या तेथील सोळा मूलनिवासी समाजांपैकी ही एक. या जमातीत स्त्री-पुरुषांनी तोंडावर गोंदवून घेण्याची चाल होती आणि तीमागे कर्तबगारीची अट होती. पुरुषाच्या कपाळावर आणि हनुवटीवर उभे पट्टे गोंदले जात, पण त्याने शिकारीत अथवा शत्रूचे शिर आणण्यात आपले शौर्य सिद्ध केले असेल तरच. स्त्रीच्या कपाळावरच्या पट्ट्याखेरीज दोन्ही कानांपासून ओठांपर्यंत गाल भरून जाळीदार नक्षी गोंदली जाई, पण तिला अंबाडीसारख्या तंतूंचे वस्त्र विणण्याचे कसब अवगत झाले असेल तरच. गोंदण्याचे काम जाणत्या स्त्रियाच करीत. सुयांची रांग बसविलेले ब्रशासारखे हत्यार त्वचेवर ठेवायचे, त्यावर लहानशा हातोडीने ठोके द्यायचे आणि रक्त पुसून काजळी चोळायची, अशी ती रीत. मेल्यानंतर प्रत्येक जीवाला इंद्रधनुष्याच्या पुलावरून पूर्वजांकडे जावे लागते, आणि ज्याच्या तोंडावर ही खूण असते त्यालाच तो पूल ओलांडू दिला जातो, अशी त्यांची श्रद्धा होती.

१८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात गेले. शिरच्छेदाची चाल मोडावयाची तर तिचे मानचिन्हच मोडले पाहिजे, असा विचार करून जपानी अंमलदारांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुखगोंदणावर बंदी घातली. पुढे ज्यांच्या तोंडावर आधीच गोंदलेले होते त्यांपैकी कित्येकांना शस्त्रक्रियेने कातडी सोलून ते काढावयास लावले. लपूनछपून काही वर्षे गोंदणे चालले आणि मग थांबले. तोंडावर गोंदण असलेली अतायल जमातीची अखेरची वृद्धा, लावा पिहेग, २०१९ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तली, त्या वेळी तेथल्या वृत्तपत्रांनी तिची वार्ता मोठ्या सन्मानाने दिली, आणि त्यापूर्वीच तेथील जिल्हा प्रशासनाने तिला सांस्कृतिक वारशाची जतनकर्ती म्हणून जाहीर केले होते. ज्या सिंचू परगण्याच्या डोंगरात अतायल वस्त्या आहेत, त्याच्याच पायथ्याकडील पठारावर १९८० साली सुरू झालेली विज्ञाननगरी आज जगाला संगणकातल्या चिप पुरविते. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत चाकणचे कारखाने वसले तसाच हा प्रकार आहे.

आपल्याकडे मात्र असा कोणताही हुकूम निघाला नाही. कोणा अंमलदाराने सुई जप्त केली नाही, कोणाची कातडी सोलली नाही. शाळेच्या वर्गात, कारखान्याच्या फाटकाशी, लग्न ठरविताना दाखवायला बसलेल्या मुलीच्या समोर, चाळीतल्या शेजारणींच्या नजरेत ‘गावंढळ’ या एका शेऱ्याने ते काम पार पडले. हुकमाने जे मरते त्याचा दाखला दफ्तरात तरी राहतो. शरमेने जे मरते त्याचा कागद कोठेच होत नाही, आणि म्हणूनच आपल्या गोंदणाचा विचार तातडीने केला पाहिजे असे मला वाटते.

गोंदणारीण ही गावच्या बलुत्यातली नव्हे, ती फिरस्ती. सुगी उरकून बायकांना थोडी सवड झाली की ती यायची, किंवा जत्रेत झाडाखाली फडके अंथरून बसायची. दक्षिणेत हा धंदा कोरव स्त्रियांकडे होता. विदर्भ ज्यात मोडत असे त्या मध्यप्रांताविषयी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गोंडांच्या ओझा जमातीतील स्त्रिया गोंदण्यात निष्णात असल्याची नोंद आहे. देशावरही वेगवेगळ्या भटक्या जमातींच्या बायकांचे ते उपजीविकेचे साधन होते. दिव्याच्या ज्योतीवर खापर धरून काजळी पाडायची, ती पाल्याच्या रसात किंवा लेकुरवाळीच्या दुधात खलायची, काडीने अंगावर नक्षी रेखायची, आणि मग दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुयांनी त्या रेघेवर टोचत जायचे. सुया मिळेनात तेव्हा बाभळीचा काटा. मुलगी आठ-दहा वर्षांची असायची. एका चुलतीने तिचे डोके मांडीवर दाबून धरायचे, दुसरीने हात धरायचे, आणि गोंदणारणीने टोचता टोचता तिला माहेरच्या, सासरच्या, देवाधर्माच्या गोष्टी सांगत राहायचे. शेवटी हळद आणि तेल चोळले की झाले. मोबदला धान्याचा, वर एखादे जुनेर.

एका शेजारच्या आजींचा उजवा हात मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे. मनगटाच्या वर आडव्या दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये ठिपक्यांची रांग, ही बांगडी. तिच्यावर वृंदावनासह तुळस, जिच्या फांद्या रेघांच्या नसून ठिपक्यांच्या आहेत, कारण सुई आधी ठिपकाच काढते आणि रेघ ही मागाहून होते. तुळशीच्या उजवीकडे नांगी उगारलेला विंचू, तो अंगावर असला की खरा विंचू चावत नाही म्हणून. आणि दंडाच्या आतल्या बाजूस नवऱ्याचे नाव, त्यातले एक अक्षर उलटे. गोंदणारणीला अक्षरओळख नव्हती आणि आजींनाही नव्हती. गुरुजींनी पाटीवर लिहून दिलेले नाव एकीने नक्षीसारखे उतरविले आणि दुसरीने ते जन्मभर अंगावर वागविले. जे नाव ओठांवर आणणे शिष्टाचाराला सोडून होते, ते असे दंडावर राहिले.

या चित्रांमागची श्रद्धा विचारली तर म्हाताऱ्या स्त्रिया जवळजवळ एकाच तऱ्हेचे उत्तर देतात: सोनेनाणे चोर नेतो, सावकार नेतो, अडल्यानडल्या वेळी नवरा गहाण टाकतो, आणि मेल्यावर तर अंगावरचा मणीही काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते. वर गेल्यावर देव पुसणार, काय आणलेस? त्यावेळी दाखवायला हे. अतायल वृद्धेचा इंद्रधनुष्याचा पूल आणि आपल्या कुणबी आजीचा देवाच्या दारचा हा प्रश्न यांत हजारो कोसांचे अंतर आहे, आणि या दोन समाजांची कधी गाठ पडल्याचे कोणी म्हणणार नाही. तरी दोघींनाही असे वाटले की मरणाच्या पलीकडे नेता येईल असा दाखला फक्त स्वतःच्या कातड्यावरच लिहिता येतो. ज्यांच्या नावे जमिनीचा तुकडा नव्हता, सातबाऱ्यावर ज्यांचे नाव चढत नव्हते, अशा स्त्रियांच्या बाबतीत हा विचार मला अतिशय अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्यापाशी स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी सनद ही एवढीच होती.

आणि या सनदेचा एक अंश असा आहे की त्याच्याकडे आपल्या लेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. नवरा गेला की त्या काळी बाईचे कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र तोडले जाई, आणि ‘पांढऱ्या कपाळाची’ हा शब्द उरलेल्या आयुष्यभर तिच्यामागे लागे. पण जिच्या दोन भुवयांमध्ये चिरी गोंदलेली असे, तिचे कपाळ कधीच पुरते पांढरे होत नसे. लग्नाने मिळालेले सारे लग्नाबरोबर काढून घेणाऱ्या समाजाला लग्नाआधी आईने, आजीने, मावशीने दिलेले हे लेणे काढून घेता येत नव्हते. गोंदण सौभाग्यचिन्ह आहे असे सरसकट लिहिले जाते. माझ्या मते कपाळावरचे गोंदण हे त्याहून वेगळे आणि अधिक टिकाऊ असे माहेरचे चिन्ह होते.

याचा अर्थ गोंदणात सारे मंगलच होते असा नव्हे. ज्या खुणेने गाव, कूळ आणि देव ओळखू येतो, तिने जातही ओळखू येते. इंग्रजी अमदानीत १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातींच्या वर्णनात स्त्रियांच्या कपाळावरचे, गालांवरचे, हातांवरचे गोंदण त्यांच्या पेहरावाबरोबर टिपलेले आढळते, ते काही केवळ कौतुकाने नव्हे. माणसे वर्गवार लावण्याचा तो खटाटोप होता. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, ज्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, त्या टाकून द्या. ज्या घरांनी तो उपदेश मनावर घेतला त्यांनी जुन्या खुणांचा हव्यास सोडला असेल तर त्याला शरम म्हणणे अन्यायाचे होईल. तो स्वाभिमान होता. आणि त्याच घरांतील पुढच्या पिढ्यांच्या मनगटांवर आज ‘जय भीम’ गोंदलेले दिसते. दुसऱ्याने वाचावी अशी जातीची खूण गेली आणि आपण होऊन घेतलेली खूण आली, हा फरक लहान नाही.

खुणेचा सक्तीने उपयोग करण्यात तर कंपनी सरकार कोणाहून मागे नव्हते. १७९७ साली बंगाल इलाख्यात कायदा होऊन जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा आणि शिक्षा गोंदण्याची पद्धत अंमलात आली. पुढे तिचे अनुकरण मद्रास इलाख्यात झाले आणि १८४९ साली ती बंद झाली. त्या शिक्षेला इंग्रजी दफ्तरातही ‘गोदना’ हेच नाव होते. एका बाजूला आई मुलीच्या भुवयांमध्ये जी सुई टोचून घेते, तीच सुई सरकार कैद्याच्या कपाळावर चालविते. म्हणून मला वाटते की गोंदणाचा विचार करताना नक्षीहून आधी हे विचारावे, की ती कोणी, कोणाच्या इच्छेने काढली. आठ वर्षांच्या पोरीची इच्छा कोणी विचारली होती, हा प्रश्न येथेही उरतोच, आणि काही आजी तो स्वतःच विचारतात: टोचताना मी रडले होते, पण आता कोणी पुसून देतो म्हटले तर देणार नाही.

पुसून जाणे तसे सोपेही नाही. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, पण सुई काजळी त्याच्या खालच्या थरात नेऊन ठेवते. शरीराच्या भक्षक पेशी त्या कणांना परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण शेजारच्या नव्या पेशी लगेच गिळतात, आणि नक्षी जागची हलत नाही. काळी काजळी कातड्याखालून निळसर हिरवी दिसते, कारण वरच्या थरातून जाणारा प्रकाश विखुरताना निळा भाग अधिक परततो. आता लेझर किरणांनी हे कण फोडून गोंदण फिके करणारे दवाखाने पुण्यात आहेत, आणि नोकरीआधी किंवा लग्नाआधी कपाळावरचा टिपका घालविण्यास येणाऱ्या मुलीही आहेत. उलट, त्याच शहरात यंत्राने गोंदण काढून देणारी दुकानेही आहेत, जेथे कारखान्यातील तरुण कामगार पाळी सुटल्यावर शिवछत्रपतींची मुद्रा, आईचे नाव, त्रिशूळ, असे काही दंडावर काढून घेतात. जत्रेत विजेऱ्यांवर चालणाऱ्या यंत्राची एकच सुई अनेकांना टोचली गेली तर कावीळ आणि त्याहून भयंकर रोग पसरतात. प्रत्येकाला नवी सुई हवी, हा आग्रह प्रत्येकाने धरलाच पाहिजे.

सैन्यभरतीच्या नियमांत या बाबतीत एक लक्षणीय तरतूद आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूवर आणि तळहाताच्या पाठीमागे असलेले गोंदण चालते, अन्यत्र असले तर उमेदवार नाकारला जाऊ शकतो. मात्र आदिवासी उमेदवाराच्या अंगावर त्याच्या जमातीच्या चालीरीतीप्रमाणे कोठेही गोंदलेले असेल तर त्याचा विचार केला जातो. चालीरीतीला शासनाच्या कागदावर मान मिळतो तो असा, पण तो आदिवासींपुरता. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात जमातींच्या कलावस्तू सांभाळल्या जातात, आणि ते काम मोलाचे आहे. परंतु मंडईत बसणारी कुणब्याची, धनगराची, मांगाची म्हातारी त्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येत नाही. तिच्या गोंदणाची नोंद होते ती फार तर पोलिसांच्या पंचनाम्यात, अनोळखी इसम म्हणून, ‘उजव्या हातावर तुळस गोंदलेली’ एवढ्याच मजकुराने.

ही नोंद करण्याचा मार्ग आपल्याच परिसरात एकदा घालून दिला गेला आहे. दळायची जाती बंद पडून पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा, जात्यावरच्या ओव्याही त्यांच्याबरोबर जाणार हे ओळखून, हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातील गावांपासून आरंभ करून स्त्रियांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, आणि प्रत्येक ओवीशेजारी गाणारणीचे नाव व गाव लिहिले. त्या ओव्या ‘लोकांच्या’ म्हणून बेनावी सोडल्या नाहीत, हे त्या कामाचे फार मोठे पुण्य. गोंदणाच्या बाबतीत याहून कमी साहित्य लागते, कारण आता प्रत्येक घरी छायाचित्र घेणारा फोन आहे. नातीने किंवा नातवाने दुपारी आजीजवळ बसावे, पदराआडचे हात उजेडात धरून चित्रे घ्यावीत, आणि वहीत लिहावे: या खुणेला तुमच्याकडे काय म्हणतात, ती माहेरी गोंदली की सासरी, कोणत्या जत्रेत, कोणत्या दुष्काळाच्या आधी की नंतर, काजळी कशात खलली होती, कोणी धरून ठेवले होते, काय द्यावे लागले, कोणते चित्र मागितले होते आणि कोणते मिळाले, आणि सुई जिच्या हातात होती, त्या फिरस्त्या बाईचे नाव काय होते, ती कोठून आली होती.